एकोणीस रेघा

आधीच सांगून टाकते, या गोष्टीत चूक माझी आहे. नाहीतर वाचणारे शेवटपर्यंत दुसऱ्याच कुणाला तरी शिव्या घालत बसतील, आणि तेवढं ओझं आता मला झेपणार नाही. लिहायला बसलेय ते काकांबद्दल. चारदा बसले, चारदा उठले. त्यांच्याबद्दल दोन बरे शब्द लिहू म्हणते आणि मधे मीच कडमडते.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ, सख्खे. वय चौऱ्याहत्तर. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात त्यांनी एकतीस वर्षं एकच काम केलं. गावाबाहेर तलाव आहे. त्याच्या बांधाला आतून दगडी पायऱ्या आहेत, आणि पायऱ्यांच्या कडेच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक लोखंडी पट्टी ठोकलेली आहे, पांढऱ्या रंगावर मीटर-सेंटीमीटरचे काळे आकडे. रोज सकाळी आठ वाजता पाणी कुठल्या आकड्याला टेकलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. झालं काम.

मी आठ-नऊ वर्षांची असताना त्यांना म्हणाले होते, "एवढंच? हे तर मीपण करीन."

"चल," म्हणाले, आणि सायकलवर पुढे बसवून घेऊन गेले. मी पायऱ्या धडाधड उतरले, पट्टी बघितली आणि ओरडले, "चार पंचवीस!" काका सावकाश आले, ओल्या पायरीवर उकिडवे बसले आणि बसूनच राहिले. वाऱ्यानं पाणी हलत होतं, आकड्यावर चढत होतं, उतरत होतं. जरा निवल्यावर त्यांनी एकदा पाहिलं, थांबून दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तीन आकडे पुटपुटले आणि त्यातला मधला लिहिला. चार बावीस.

"तू लाट मोजलीस, गडबडे," म्हणाले. "पाणी मोजायचं होतं."

तेव्हापासून मी गडबडे. घरात, रस्त्यात, माझ्या सासरच्या माणसांसमोर, कुठंही. माझं खरं नाव काकांना ठाऊक तरी आहे का, अशी शंका यावी.

ऑफिसनं त्यांचंही एक नाव पाडलं होतं: आठवाजे. नव्यानं आलेल्या कारकुनांना ते खरोखरचं आडनाव वाटायचं. एकदा तर टपाल आलं, 'श्री. आठवाजे यांस'. काकांनी ते फोडून वाचलं आणि उत्तरही दिलं. सुट्टी नाही, रविवार नाही. माझ्या लग्नात ते साडेनऊला उगवले, पँटच्या कडा ओल्या. काकू तोंडाच्या फटकळ. म्हणायच्या, "मला मरायचं झालं तर आठच्या आधी नाहीतर नऊनंतर मरायला हवं. मधे मेले तर ह्यांना कळायचंसुद्धा नाही."

काकू दुपारी तीनला गेल्या. पण त्याआधी सतरा दिवस त्या दवाखान्यात होत्या आणि काका त्यांच्या खाटेशेजारच्या स्टुलावर होते. दवाखान्याचे सतरा आणि नंतरचे दोन, असे एकोणीस दिवस ते तलावावर गेले नाहीत. ऑफिसनं बदली माणूस दिला नव्हता. विसाव्या दिवशी सकाळी आठला काका पायरीवर हजर होते. लोक काय काय बोलले, ते मी ऐकलंय. त्या दिवशी वही उघडून त्यांनी मागच्या एकोणीस तारखा लिहिल्या आणि प्रत्येक तारखेपुढे फूटपट्टी लावून एक आडवी रेघ ओढली. आडवी रेघ म्हणजे 'पाहिलं नाही'.

तेव्हाचे साहेब चिडले. "अहो, आधीचा आकडा आहे, नंतरचा आहे. मधले अंदाजानं भरा ना! वर पाठवायचंय. कोण विचारतंय?"

काका म्हणाले, "साहेब, अंदाज मी पाहिलेला नाही."

त्यावर ऑफिसात आठवडाभर हसले सगळे. काकांना लेखी ताकीद मिळाली. बढती जवळ आली होती, ती राहिली ती निवृत्तीपर्यंत राहिलीच. पण रेघा तशाच राहिल्या. एकतीस वर्षांत सव्वाअकरा हजार आकडे आणि एकोणीस रेघा. हे काकांचं आयुष्य. बाकी सांगण्यासारखं त्यांच्याकडे फारसं नाही. दोन खोल्या, एक सायकल, आणि चहात साखर नको.

आता माझ्याकडे येते. यायलाच लागणार.

मी त्याच ऑफिसात नोंदणी विभागात आहे. दिवसभर खिडकीशेजारच्या कॉम्प्युटरवर आकडे भरायचे. आकडा, टॅबचं बटण, आकडा, टॅबचं बटण. टॅब दाबला की पुढच्या चौकटीत जाता येतं, त्यामुळे माझी डावी करंगळी त्या बटणावरच राहते. झोपेतही ती हलते असं आमचे हे म्हणतात. हुशारीचा मला गर्व नाही, पण वेगाचा आहे. होता.

आणि मला नव्याची भारी हौस. बाकीच्या बायकांना साड्यांची असते, मला ब्राउझरची आहे. त्यानं स्वतःला नवं करून घेतलं रे घेतलं की आज काय दिलंय ते बघितल्याशिवाय माझा चहा घशाखाली उतरत नाही. उघडलेली पानं रंगीत गठ्ठ्यांत बांधता येतात: हिरवा गठ्ठा ऑफिसचा, लाल घरचा, जांभळा नुसता टाइमपासचा. एका पडद्याचे दोन भाग करून डावीकडे एक पान, उजवीकडे दुसरं. मोठाच्या मोठा लेख असला तर बाजूच्या पट्टीत त्याचा पाच ओळींत सारांश. परक्या भाषेतलं पान आपल्या भाषेत. डोळे दुखले तर तोच वाचून दाखवतो, आणि बाईचा आवाज हवा की पुरुषाचा तेही विचारतो. एवढं तर मला लग्नाआधीही कुणी विचारलं नव्हतं! शेजारच्या टेबलवाल्या हसायच्या. हसू देत, मी म्हणायचे.

गेल्या वर्षी पाण्याचा अभ्यास करणाऱ्या मोठ्या ऑफिसातून पत्र आलं. पुढच्या शंभर वर्षांत पृथ्वीवरचं पाणी कसं वागेल, कुठे आटेल, कुठे चढेल, याचा मोठा हिशेब जगभरातली माणसं मिळून मांडताहेत. त्यासाठी जुन्या मोजण्या हव्यात. एखादी मोजणी तीस वर्षांपेक्षा मोठी, सलग आणि भरवशाची असेल तर ती त्या हिशेबात धरली जाईल, मोजणाऱ्याच्या नावासकट. आमच्या साहेबांनी पत्र वाचलं आणि पहिलं बोलले, "आठवाजे!"

मी संध्याकाळी धावतच काकांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं. उठून चहा टाकला, तो उतू गेला. काकांचा चहा उतू जात नसतो. मग पाठमोरेच म्हणाले, "म्हणजे ते कुणाच्या तरी उपयोगाला येणार?"

"अहो, अख्ख्या पृथ्वीच्या!"

"पृथ्वीचं राहू दे. एका माणसाच्या उपयोगाला आलं तरी चालेल," म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांना काय हवं होतं ते मला त्या दिवशी पुरतं कळलं होतं. म्हणजे, कळलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

वह्या भरायचं काम अर्थात माझ्याकडे आलं. मोठ्या ऑफिसनं एक वेबपान दिलं होतं. तारखा आधीच लिहिलेल्या, पुढे रिकाम्या चौकटी. वर ठळक सूचना: न पाहिलेल्या दिवसाची चौकट रिकामी ठेवावी. शेवटचं पान छापून घ्यायचं, त्याच्या तळाशी दोन सह्यांच्या जागा, 'भरणार' आणि 'तपासणार'. साहेबांनी ठरवलं, तपासणार खुद्द काका.

दिवसाला चारशे आकडे भरायचे आणि उरलेल्या वेळात मी पृथ्वीच्या भविष्यात बुडायचे. जांभळ्या गठ्ठ्यात तीस-तीस पानं. समुद्र चढणार, बर्फ वितळणार, वाळवंटात शेती होणार, माणसं तरंगत्या घरांत राहणार. सारांश वाचायचे आणि अंगावर काटा आणून घ्यायचे. खोटं कशाला बोलू, मजा यायची. एक दिवस नवीन सोय सापडली, शब्द लिहा की चित्र काढून देतो. मी लिहिलं, 'आमचा तलाव, शंभर वर्षांनंतर'. एकात तलाव कोरडा, तळाला भेगा. दुसऱ्यात काठोकाठ पाणी, त्यावर काचेची घरं, आकाशात छोटी विमानं. दोन्ही छापून काकांना दाखवायला नेली.

काकांनी चष्मा लावला, एक चित्र पाहिलं, दुसरं पाहिलं, पुन्हा पहिलं पाहिलं.

"पट्टी कुठंय?"

"काय?"

"भिंत काढलीय, पायऱ्या काढल्यात. पट्टी काढलेली नाही. इथं कुणी का राहीना, पाणी किती आहे ते बघणार कोण?"

मी कपाळाला हात लावला. "काका, शंभर वर्षांनी काय होईल त्याचं सांगा हो! तुम्हाला काय वाटतं?"

"मला कसं ठाऊक? मी पाहिलेलं नाही," काका म्हणाले. मग म्हणाले, "एवढं वाटतं, की तेव्हा कुणीतरी माझी वही उघडेल. त्याला मी भेटणार नाही. त्यानं काही विचारलं तर सांगायला मी नसेन. म्हणून वहीत जे आहे ते खरं असायला हवं, बघ. त्याला फसवलं तर तो मला शोधत येऊ शकणार नाही."

हे त्यांनी मला सांगितलं तो शनिवार. त्यानंतरच्या सोमवारी ब्राउझरनं स्वतःला नवं करून घेतलं.

मी चौदाव्या वर्षाच्या वहीत होते. रेघांचं पान आलं. आता इथे काही भरायचं नाही, नुसतं टॅब, टॅब, टॅब करत एकोणीस चौकटी ओलांडायच्या. करंगळी सुटली. चौथ्या की पाचव्या चौकटीला लक्षात आलं, की रिकाम्या चौकटीत काहीतरी फिकट राखाडी उमटतंय आणि टॅब दाबला की ते काळं होऊन बसतंय. ब्राउझरची नवी सोय! आधीच्या आकड्यांची चाल ओळखून पुढचा आकडा तो स्वतःच सुचवायचा, आणि टॅब दाबणं म्हणजे 'हो, भर'. माझ्या करंगळीनं 'हो' म्हणून टाकलं होतं. सहा पंधरा, सहा तेरा, सहा अकरा. रोज दोन सेंटीमीटर, कशी शिस्तीत उतरत चालली होती ओळ!

इथपर्यंत अपघात होता. याच्यापुढचं सांगायला लाज वाटते.

मी थांबले नाही. "अगं बाई, काय हुशार आहे!" असं चक्क मोठ्यानं म्हणाले आणि उरलेल्या चौदा-पंधरा चौकटी मुद्दाम टॅब दाबून पुढे गेले, केवळ तो काय भरतो ते बघायला. पोरखेळ. नंतर मागे जाऊन पुसू, म्हटलं. तेवढ्यात साहेब मागे येऊन उभे राहिले. पडद्याच्या उजव्या अर्ध्यात आलेख निघत होता, चौदा वर्षांची एक अखंड निळी रेषा.

"वा!" साहेब म्हणाले. "सलग! एक खाच नाही. आपलं काम होणार बघा."

मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "थँक्यू, साहेब."

पुसलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मग वह्या संपल्या. मनाची समजूत मी फार छान घातली होती: सव्वाअकरा हजारांत एकोणीस म्हणजे काय? आणि पत्रात 'सलग' हवं असं लिहिलंच आहे की. रेघांमुळे काकांचं नाव गळलं तर? मी तर त्यांच्या भल्यासाठीच करतेय. माणूस स्वतःला फसवतो तेव्हा किती प्रेमानं फसवतो!

शेवटचं पान उरलं, 'तपासणार'ची सही. काकांना ऑफिसात आणलं. खुर्ची दिली, पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर नेमकं शेवटच्या वर्षाचं पान होतं. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"बघता ना काका?" मी विचारलं. देवाशपथ, विचारलं. आवाज मात्र असा काढला, की कुणीही नको म्हणावं.

"तू भरलंस ना? मग झालं," म्हणाले. "तुझ्यामागे काय तपासायचं, गडबडे." आणि सही केली. जन्मात ज्या माणसानं न पाहता काही लिहिलं नाही, त्यानं न पाहता सही केली. माझ्यामुळे.

महिन्याभरानं साहेबांनी सभागृहात प्रदर्शन ठेवलं, 'शंभर वर्षांनंतरची पृथ्वी'. भिंतीवर माझी ती रंगीत चित्रं, मधे मोठा पडदा. मोठ्या ऑफिसातून एक बाई यायच्या होत्या, मोजणी हिशेबात धरायची की नाही ते त्याच ठरवणार. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, त्याच्या घड्या अजून उभ्या. मी कोपऱ्यात टेबलाशी, पडदा चालवायला.

बाई वयानं माझ्याहून लहान, बोलायला सरळ. त्यांनी हातात दुसरीच एक जुनी वही आणली होती. तलावाचं तळातलं दार केव्हा उघडलं, केव्हा बंद केलं, त्याची ती नोंदवही होती. त्यांनी मला चौदावं वर्ष लावायला सांगितलं.

"हे पाहा," त्या म्हणाल्या. "या दिवसांत दुरुस्तीसाठी तळाचं दार अकरा दिवस उघडं होतं, असं या वहीत आहे. पाणी धो-धो जात होतं. पण आपली मोजणी म्हणते, पाणी रोज दोन सेंटीमीटर उतरत होतं, अगदी नेमानं, एकोणीस दिवस. आणि विसाव्या दिवशी तलाव एकदम दीड मीटर खाली! एका दिवसात कुणी पिऊन टाकला का?"

सभागृह हसलं. काका हसले नाहीत. ते पडद्याकडे बघत होते. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या तारखा ते विसरणं शक्य नव्हतं. रेघांच्या जागी आकडे बसलेले त्यांनी पाहिले आणि त्यांना सगळं कळलं. मला दिसलं, कळलेलं. माझ्याकडे मात्र त्यांनी वळून पाहिलं नाही.

"काका," बाईंनी विचारलं, आवाज जरा मऊ करून, "हे आकडे तुम्ही तलावावर जाऊन घेतलेत?"

काका उभे राहिले. "नाही."

"खाली तपासणाऱ्याची सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग न पाहता सही केलीत?"

"हो," काका म्हणाले. "पाहिलं नाही."

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "आठवाजे घरीच बसून लिहायचे वाटतं," आणि पुन्हा हशा झाला. बाईंनी वही मिटली. म्हणाल्या, एकोणीस दिवस घरबसल्या लिहिले असतील तर बाकीच्या अकरा हजारांवर विश्वास कसा ठेवू?

काकांनी एक वाक्य बोलायचं होतं. 'माझ्या वहीत रेघा आहेत.' एवढंच. वही ऑफिसच्या कपाटात होती, दहा मिनिटांत आणता आली असती. पण ते वाक्य बोललं, की पुढचा प्रश्न माझ्याकडे येणार होता. म्हणून ते बोलले नाहीत. खोटं एक अक्षर बोलले नाहीत आणि खरं तेवढं गिळलं.

आणि मी? मी टेबलाशी उभी होते. हात माऊसवर. जीभ टाळूला चिकटली म्हणतात ना, तसलं काही झालं नव्हतं, जीभ जागेवर होती, चांगली ओली होती. मला बोलता येत होतं. मी बोलले नाही. आज हे लिहिताना कान तापलेत, पण तेव्हा मी पुढचं पान लावलं, आणि पडद्यावर माझा काचेच्या घरांचा तलाव आला.

काका एकटेच निघून गेले.

दुपारी त्यांच्याकडे गेले तर ते दारातच सायकल पुसत होते. मी पायरीवर बसले आणि रडायला लागले. त्यांनी रडू दिलं. मग फडकं पिळून वाळत टाकलं.

"काका, मी... ते आपोआप भरलं गेलं."

"सगळे एकोणीस?"

मी मान खाली घातली. "चार-पाच. बाकीचे मी."

"हं." सायकल भिंतीला लावली. मग म्हणाले, "तुझं काय करायचं ते तू बघ. माझं मला भोवलं. न पाहता सही केली, ती मीच केली. तिथं तुझा हात नव्हता." पुढे म्हणाले, "ते दिवस मी तुझ्या काकूच्या उशाशी होतो. वहीत तेवढंच लिहिलेलं होतं त्याचं, ह्या रेघा. त्यासुद्धा राहिल्या नाहीत."

याच्यापेक्षा कानाखाली मारली असती तर बरं झालं असतं. मी तिथेच मेल्याहून मेल्यासारखी झाले.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं. ते लाल झाले, मग पांढरे झाले, मग म्हणाले, "आता गप्प बसा, झालं ते झालं." मी म्हटलं, गप्प बसूनच झालंय हे. चौदाव्या वर्षाची वही पिशवीत घातली आणि दोन बस बदलून मोठ्या ऑफिसात गेले. बाईंच्या टेबलावर वही उघडून ठेवली आणि उभ्यानंच सगळं बोलून टाकलं: करंगळी, राखाडी आकडे, थँक्यू साहेब, सगळं. त्या वहीवर वाकल्या. एकेका रेघेवरून बोट फिरवत गेल्या.

"ह्या रेघा दिसल्या असत्या," शेवटी म्हणाल्या, "तर मी तिथल्या तिथे सही केली असती. सलग म्हणजे खाच नसलेली नव्हे हो. इतक्या वह्या पाहिल्या मी, सगळ्या भरलेल्या. आजारपण नाही, मरण नाही, कुणी एक दिवस चुकलेला नाही. 'पाहिलं नाही' असं लिहिणारा माणूस भेटला, की मला कळतं, बाकीचं त्यानं पाहिलंय."

मला वाटलं होतं, त्या मला झाडतील. त्यांनी झाडलं नाही. भरलेलं सगळं रद्द करून नव्यानं पाठवायला सांगितलं, आणि सगळ्या ऑफिसला पत्र पाठवलं, चूक मोजणाऱ्याची नाही, भरणाऱ्याची आहे. ते पत्र आमच्या फळ्यावर महिनाभर लागलेलं होतं. मी रोज त्याच्यासमोरून डबा धुवायला जायचे.

ब्राउझरची ती सोय मी बंद केली. ती कुठे बंद होते ते मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, हेही सांगून टाकते. पुन्हा भरताना रेघांचं पान आलं, तेव्हा करंगळी उचलून ठेवली आणि माऊसनं एकेक चौकट ओलांडली. एकोणीस रिकाम्या चौकटी.

मग तपासणी. काका आले. घरून उशी आणली होती, खुर्चीवर ठेवायला. चष्मा पुसला, पहिल्या वर्षाची वही मांडीवर उघडली, आणि पडद्याला बोट लावून म्हणाले, "पहिल्यापासून लाव."

"काका, सगळे? चौदावं बघितलंत तरी..."

"सगळे."

बारा दिवस लागले. रोज साडेनऊला यायचे, पाचला जायचे. वहीतला आकडा वाचायचे, पडद्यावरचा वाचायचे, मगच पुढचा. मी शेजारी बसून पान सरकवायचे. तिसऱ्या दिवशी त्यांना एक चूक सापडली, पाचाच्या जागी सहा. नवव्या दिवशी दुसरी. मी दुरुस्त केल्या, तर दुरुस्त केलेल्याही त्यांनी वाकून पुन्हा पाहिल्या. चौदावं वर्ष आलं, तेव्हा त्यांनी एकोणीसही रिकाम्या चौकटींवर बोट ठेवलं आणि प्रत्येक वेळी म्हणाले, "पाहिलं नाही." आवाज कुठेही हलला नाही.

बाराव्या दिवशी दुपारी शेवटचा आकडा झाला. काकांनी 'तपासणार'च्या जागी सही केली, पेनाचं टोपण लावलं, वही मिटून माझ्या हातात दिली. मी वाट बघत होते. एकदा गडबडे म्हणतील, मग सगळं पहिल्यासारखं होईल, असं मला लहान पोरीसारखं वाटत होतं.

"वह्या नीट कपाटात ठेव," काका म्हणाले, आणि त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. पाळण्यातल्या, पूर्ण नावानं. म्हणजे त्यांना ते ठाऊक होतं.